नावं ठेवा, पण नीट!

कोडिंग शिकणाऱ्या कुणाच्याही लॅपटॉपमध्ये डोकावून बघा. ए, बी, एक्स, टेम्प, टेम्प2. व्हेरिएबल म्हणजे माहिती ठेवायचा डबा, आणि आपल्या डब्यांवर ही असली लेबलं! प्रोग्राम चालतो, सर जर्नलवर सही करतात. पण पंधरा दिवसांनी तोच कोड उघडा आणि सांगा, टेम्प2 मध्ये काय होतं?

मी मास कॉमची. प्रोजेक्टसाठी पायथनला हात लावला. दोन तक्त्यांतला निधी एकत्र करायचा होता. एकात आकडे लाखांत, दुसऱ्यात कोटींत. मी नावं दिली ए आणि बी. पायथनने गुपचूप बेरीज करून दिली, एकही एरर नाही! सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीने विचारलं, ‘अगं, हे बी लाखांत आहे की कोटींत?’ मला सांगता येईना. निधी_लाख आणि निधी_कोटी अशी नावं असती, तर मध्ये अधिकचं चिन्ह टाकतानाच हात थबकला असता.

आणि हो, ही नावं अशी देवनागरीतही चालतात. 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून ती सोय आहे. शिकताना बिनधास्त वापरा. ग्रुपमध्ये मात्र सगळ्यांना टाइप करता येतील अशीच बरी.

नियम थोडेच. सुरुवातीला आकडा नको, मध्ये स्पेस नको, हवं तर अंडरस्कोअर. इयत्तेसाठी इंग्रजीत ‘क्लास’ लिहिलंत तर पायथन तिथेच अडतो, कारण तो त्याचा राखीव शब्द. एरर आला म्हणजे निदान कळलं तरी. खरा छळ ‘लिस्ट’चा. हे नाव तो मुकाट्याने घेतो, पण त्याचं स्वतःचं लिस्ट बनवणारं फंक्शन त्यामागे झाकलं जातं. मग वीस ओळींनंतर भलताच एरर, आणि आपण रात्रभर तिथेच शोधत बसतो!

मग यावर मार्क का नाहीत? निबंधात ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापतात, प्रॅक्टिकलला फक्त आउटपुट बघतात. फळ्यावरच एक्स आणि वाय असतील, तर आपण तेच उचलणार ना? व्हायव्हात एवढंच करा, सर. माझा कोड शेजारच्याला द्या आणि कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते त्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर मार्क माझे कापा.