इंजिनाला हात लावू नका!

परवा ओळखीच्या एका निवृत्त फिटरकाकांना घेऊन एका रेल्वे संग्रहालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच कथा. चौथऱ्यावर मीटरगेजचे जुने इंजिन उभे. अंगाला चकचकीत काळा रंग, चाकांच्या कडा पांढऱ्या, पुढे सुकलेल्या झेंडूची माळ. काका हळूच कॅबमध्ये चढले आणि त्यांनी फायरबॉक्सच्या दाराच्या मुठीला हात घातला. झाले! शिट्टी वाजली. "ओ आजोबा, हात लावू नका!"

ज्या माणसाने उमेदीची वर्षे असल्याच इंजिनांच्या पोटात काढली, त्याला इंजिनाला हात लावायची बंदी. रंगवणाऱ्या कंत्राटदाराला मात्र पूर्ण मुभा. त्याने गंज न खरवडताच वरून रंग फासला होता. खाली उतरल्यावर काका एवढेच म्हणाले, "आत राख तशीच आहे, बाब."

ही राख म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. कोळशाच्या राखेत आणि काजळीत गंधक असते. ओल लागली की त्याचे आम्ल होते आणि ते पोलाद आतून खात बसते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, वर खारा वारा. बाहेरून नवरदेव, आतून चाळण! याला आपण जतन म्हणतो आणि वर फीत कापायला मंत्री बोलावतो.

आता जगात काय झाले ते पाहा. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची स्लेटच्या खाणीची एक छोटी रेल्वे होती. १९५० साली तिचे मालक वारले आणि ती बंद पडणार हे दिसू लागले. टॉम रोल्ट या लेखकाने (हो, लेखकाने!) त्याच वर्षी बर्मिंगहॅमला सभा घेतली आणि १९५१ च्या मे महिन्यात हौशी माणसांनी गाडी सुरू केली. चालण्याजोगे इंजिन एकच, डॉलगॉक, तेही ८५ वर्षांचे. बॅरी या बंदरगावच्या भंगार आवारात तर इंजिने वर्षानुवर्षे समुद्राच्या वाऱ्यात गंजत पडली होती. कारकून, मास्तर, दुकानदार यांनी वर्गण्या काढून तिथून २१३ इंजिने सोडवली. शेवटचे १९९० साली बाहेर पडले. शंभराहून अधिक पुन्हा धावली. इतके कशाला, माथेरानच्या गाडीसाठी १९०७ साली जर्मनीत बांधलेले ७४० क्रमांकाचे इंजिनही इंग्लंडला गेले आणि तिथल्या हौशी मंडळींना मिळाले. त्याची भावंडे इथे चौथऱ्यांवर.

"ते साहेब लोक, त्यांच्याकडे पैसा आहे," हे उत्तर मला तोंडपाठ आहे. पैसा लागतो, नाकारत नाही. पण फुकट राबणारी माणसे आपल्याकडे नाहीत, हे कुणी गोव्यात तरी बोलू नये. कालोत्सव आला की बँकेतला कारकून संभाजी होतो, गॅरेजवाला पडदे ओढतो, सुतार आपल्या फळ्या आणून रंगमंच ठोकतो. महिना महिना रात्री जागून तालमी चालतात आणि वर खिशातून वर्गणी. ही माणसे शनिवारी-रविवारी गंज खरवडायला येणार नाहीत? बोलावून तर बघा.

दुसरा आक्षेप बॉयलरचा: फुटला तर? तो रास्त आहे. पण उद्याच विस्तव घाला असे कोण म्हणते? राख काढणे, नळ्या साफ करणे, गंज उतरवणे, सांध्यांना तेल देणे, यातले बरेचसे काम शिकवून येते. लॅगिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असेल तर ते जाणकारानेच काढावे. वाफेची वेळ आली तर बॉयलर तपासनीसाच्या सहीशिवाय काडी पेटवू नये. इंग्लंडातही हौशी माणसे या शिस्तीतूनच जातात.

खरी घाई वेगळीच आहे. फायरबॉक्सचे आतले आणि बाहेरचे पत्रे शेकडो स्टे-बोल्टांनी बांधलेले असतात. फिटर त्यांवर हातोडी मारून ऐकतो. धड बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. हे ज्ञान कानात असते, फलकावर नाही. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ साली संपली. १९८५ मध्ये पंचविशीत असलेला फिटर आज पासष्टीच्या पुढे आहे. मुरगाव ते कासलरॉक हा आपला मार्ग १८८८ पासूनचा. त्याचे दूधसागरचे फोटो आपण दर पावसाळ्यात एकमेकांना पाठवतो. त्या घाटात राबलेल्या हातांची किती नावे आपल्याला सांगता येतील?

संग्रहालयांनी एक करावे. महिन्यातून एक रविवार कठडा उघडावा, एका जाणत्या निवृत्त फिटरला मानधन देऊन बोलावावे आणि त्याच्या हाताखाली दहा पोरे द्यावीत. परवानगीचा अर्ज मी स्वतः लिहून देतो. काकांना विचारून ठेवले आहे. हातोडी त्यांच्या माळ्यावर आहे, दांडा तेवढा नवा बसवावा लागेल म्हणाले.