पंजाचे पत्रक नेमके कोणत्या सालचे? निवडणुकीचे बिल्ले, रद्दी आणि यवतमाळचा इतिहास (थ्रेड)

समजा, पुसद किंवा दारव्ह्याच्या एखाद्या घरात माळा साफ करताना जुन्या ट्रंकेत निवडणुकीचे एक पत्रक सापडले. वरचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. पक्षाचे नाव गेले, उमेदवाराचे गेले, साल तर नव्हतेच. उरले आहे ते उघड्या हाताच्या पंजाचे चित्र आणि त्याखाली, या चिन्हाच्या पेटीत मत टाका, अशी विनंती. हे पत्रक कोणाचे?

दहापैकी नऊ जण क्षणाचाही विलंब न लावता 'काँग्रेसचे' म्हणतील आणि ते नऊही चुकतील.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हात हे चिन्ह काँग्रेसकडे नव्हते. ते फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाला मिळालेले होते. रा. स. रुईकर हे नागपूरचे कामगार पुढारी. काँग्रेसचे चिन्ह तेव्हा होते जू खांद्यावर घेतलेली बैलजोडी. इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे पंजा आला तो १९७८ मध्ये, म्हणजे तब्बल पाव शतकानंतर. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत या नव्या चिन्हाला सर्वांत मोठा हात दिला तो विदर्भाने.

मग आपल्या पत्रकाचा निवाडा कसा करायचा? उत्तर चित्रात नाही, 'पेटीत' या एका शब्दात आहे.

१९५२ आणि १९५७ या दोन निवडणुकांत मतपत्रिकेवर कोणाचेही नाव छापलेले नसे. मतदान केंद्रात आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदार आपला कोरा कागद पसंतीच्या पेटीत सोडून येई. सर्वसाधारणपणे १९६२ पासून नावे आणि चिन्हे छापलेली मतपत्रिका आली आणि तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत रुळली. २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रे आली. म्हणून पत्रकावरचे क्रियापद हाच त्याचा काळ असतो : पेटीत टाका, चिन्हावर मारा, बटण दाबा. १९७८ मध्ये कोणताही शहाणा प्रचारक मतदाराला 'पंजाच्या पेटीत' मत टाकायला सांगणार नाही, कारण तशी पेटीच उरलेली नव्हती. तेव्हा हे पत्रक १९५२ चे, आणि बहुधा रुईकर गटाच्या एखाद्या उमेदवाराचे.

हे पत्रक काल्पनिक आहे, पण त्यामागचा प्रश्न काल्पनिक नाही. जुने बिल्ले, पत्रके, कापडी फलक जमवणारे तरुण आता वाढत आहेत. ही आनंदाची गोष्ट. पण वस्तू जमवणे आणि वस्तूची हकिगत जमवणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते अजून पुरेसे कोणी मनावर घेतलेले दिसत नाही.

या छंदाचे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे घर अमेरिका. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पहिले अध्यक्ष झाले तेव्हाच त्यांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली पितळी बटणे लोकांनी कोटाला लावली. १८६० मध्ये लिंकनचे पत्र्यावर उतरवलेले छोटे छायाचित्र असलेले बिल्ले निघाले. १८९६ मध्ये मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या लढतीत सेल्युलॉइडच्या पातळ आवरणाखाली रंगीत कागद बसवलेला, मागे टाचणी असलेला स्वस्त बिल्ला आला आणि प्रचाराचे रूपच पालटले. न्यू जर्सीतील नेवार्कच्या 'व्हाइटहेड अँड होग' या कंपनीने असे बिल्ले अमाप काढले. १९४५ पासून तिथे संग्राहकांची स्वतःची संघटना आहे. पक्षांच्या अधिवेशनांत स्मिथसोनियन संग्रहालयाचे अभ्यासक स्वतः फिरून फलक, टोप्या, बिल्ले गोळा करतात. कचऱ्यात जाण्याआधी इतिहास उचलायचा, असा हा सरळ व्यवहार.

त्या मंडळींची एक सवय मात्र आपण जशीच्या तशी उचलावी अशी आहे. जाणता संग्राहक बिल्ला हातात आला की आधी तो उलटा करतो. व्हाइटहेड अँड होगच्या जुन्या बिल्ल्यांच्या पाठीत कागदाची एक चकती बसवलेली असे. तिच्यावर कंपनीचे नाव आणि पेटंटच्या तारखा. दर्शनी बाजूला पुढारी, पाठीमागे पुरावा.

आणि त्यांची एक खोड आपण टाळावी अशी आहे. तिथे दुर्मिळतेला किंमत आली, किमतीपाठोपाठ नकला आल्या, आणि नकला इतक्या माजल्या की १९७३ मध्ये कायदा करून नव्याने घडवलेल्या राजकीय वस्तूंवर निर्मितीचे वर्ष कायमचे उमटवणे बंधनकारक करावे लागले. आपल्याकडे तसा कायदा नाही. इथे बैलजोडीच्या बिल्ल्याला कोणी 'स्वातंत्र्यपूर्व, अतिदुर्मिळ' म्हटले तर घेणाऱ्याने एवढेच आठवावे, की ही बैलजोडी काँग्रेसला पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मिळाली. १९४७ च्या आधीचा बैलजोडीचा निवडणूक-बिल्ला ही वस्तू असूच शकत नाही.

चिन्हांचा हा पंचांगासारखा उपयोग शिकून घेण्याजोगा आहे. बैलजोडी दिसली की १९५१ ते १९६९ ची फूट, एवढा काळ हाती लागतो. फुटीनंतर ते चिन्ह गोठले. गाय-वासरू दिसले की १९७१ ते १९७७. चरखा चालवणारी स्त्री म्हणजे संघटना काँग्रेस. नांगरधारी शेतकरी चक्रात दिसला की जनता पक्ष. पणती जनसंघाची, झोपडी प्रजा समाजवाद्यांची. हत्तीपाशी मात्र सावध राहावे : तो आधी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, पुढे रिपब्लिकन पक्षाचा आणि खूप नंतर बहुजन समाज पक्षाचा.

१९५१ मध्ये देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि मतदार होते १७ कोटींहून अधिक. त्या माणसांसाठी चिन्ह हेच उमेदवाराचे नाव होते. ज्या मुलखात पोळ्याला बैलांच्या पाया पडतात, तिथे बैलजोडीविरुद्ध प्रचार करायचा म्हणजे काय दिव्य असेल, याची कल्पना विरोधी उमेदवारांची पत्रके मिळाली तर येईल. नुसत्या निकालाच्या आकड्यांतून ती येत नाही.

आता यवतमाळकडे. हा जिल्हा या छंदासाठी विलक्षण श्रीमंत आहे, आणि त्याचे कारण त्याच्या नकाशात आहे.

१९५२ मध्ये यवतमाळच्या मतदाराने मत दिले ते मध्य प्रदेशाच्या विधानसभेसाठी. त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५७ मध्ये त्यानेच मत दिले द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी. १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या. घर तेच, शेत तेच, कपाशी तीच. दहा वर्षांत तीन राज्ये. गहुलीचे वसंतराव नाईक या तिन्ही विधानसभांत पुसदहून निवडून गेले आणि पुढे डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. त्यांच्या या तीन निवडणुकांची पत्रके शेजारी शेजारी ठेवता आली, तर राज्यपुनर्रचनेवरच्या जाडजूड ग्रंथांत जे सापडत नाही ते दिसेल : खेड्यातल्या मतदाराला हे स्थित्यंतर कोणत्या शब्दांत समजावले गेले? समजावले गेले की गृहीतच धरले गेले?

दुसरी बाजूही याच जिल्ह्याची. वणीचे लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच, १९६२ मध्ये, ऐंशी ओलांडलेले बापूजी नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये त्याच नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकच्या सिंहावर निवडून आले आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसच्या पंजावर. एकाच माणसाचा सिंहाचा बिल्ला आणि पंजाचा बिल्ला ज्याच्या संग्रहात जवळजवळ ठेवलेला असेल, त्याच्याकडे विदर्भाच्या चळवळीवरचा एक अख्खा प्रकरणभर ऐवज आहे.

अपक्षांचे तर विशेष जपावे. पक्षाचे चिन्ह पक्षाबरोबर टिकते; अपक्षाला मिळणारे चिन्ह त्या एका निवडणुकीपुरते असते आणि लोकांच्या आठवणीतून तेच सर्वांत आधी पुसले जाते.

इथे संग्राहकांशी एक भांडण आहे. बहुतेक संग्रह विजयी पुढाऱ्यांचे असतात. ते समजण्यासारखे आहे, ओळखीचा चेहरा हवासा वाटतो. पण विजयी माणसाचे कागद कुठे ना कुठे उरतातच : चरित्रात, गौरवग्रंथात, स्मारकात. पराभूताचे काहीच उरत नाही. विदर्भातलेच उदाहरण घ्यावे. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या प्रचारात गावोगाव फिरलेला एखादा साधा, स्थानिक छापखान्यात छापलेला चतकोर कागद आज समोर आला तर त्याचे मोल कोण करणार? मात्र तो कागद ज्या दिवशी वाटला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यात कोणीतरी फुटाणे बांधले असणार.

'प्रचारपत्रक म्हणजे थापा, त्यांचा कसला इतिहास?' हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण कापसाच्या भावाचे आश्वासन पाळले गेले की नाही, हे पत्रकात शोधायचे नसतेच. ते आश्वासन देण्याची गरज कोणाला, कधीपासून वाटू लागली, हे तिथे कळते. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पत्रकांत शेतकऱ्याला कोणत्या भाषेत संबोधले आहे? शकुंतला रेल्वे रुंद करण्याचा शब्द किती उमेदवारांनी दिला? थापांची यादीसुद्धा कालानुक्रमे लावली की ती जिल्ह्याच्या गरजांची यादी होते.

बिल्ल्याच्या पाठीवरच्या त्या अमेरिकी चकतीसारखी गोष्ट आपल्या पत्रकांवरही आहे, तळाशी, अगदी बारीक खिळ्यांत : मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे. छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण असावे हा दंडक १८६७ च्या कायद्याने घातला होता. निवडणूक पत्रकांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क आणखी पुढे जाते. मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ते पत्रकावर हवेतच, शिवाय छापलेल्या पत्रकाची एक प्रत मुद्रकाने जिल्हादंडाधिकाऱ्याकडे धाडायची असते, राजधानीत छापले असल्यास मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे.

म्हणजे कायद्याच्या कल्पनेत तरी प्रत्येक जिल्हा कचेरी हे आपल्या जिल्ह्याच्या निवडणूक-साहित्याचे संग्रहालय आहे! पण हे कलम खर्चावर आणि बेनामी निंदेवर नजर ठेवण्यासाठी लिहिलेले. निवडणूक उरकल्यावर त्या प्रती अभिलेखागारात जपाव्यात, असे ते कुठे म्हणत नाही. तेवढी एक तरतूद झाली तर या देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला फुकटात इतिहासाचे साधन मिळेल. इतिहासप्रेमींनी मागणी करायचीच तर पुतळ्यांआधी ही करावी.

सरकारची वाट पाहत बसण्याची यवतमाळची परंपराही नाही. य. खु. देशपांडे यांनी याच गावात 'शारदाश्रम' उभा केला आणि महानुभावांच्या पोथ्या जमवल्या, अभ्यासल्या. पंथाबाहेरच्या माणसाला ज्या सांकेतिक लिप्या वाचताही येत नव्हत्या, त्यांतले ग्रंथ त्या पिढीने मोलाचे मानले. निवडणुकीची पत्रके तर सरळ देवनागरीत आहेत.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. कागद लॅमिनेट करू नये. प्लास्टिक एकदा चिकटले की सुटत नाही. वस्तू कोणाच्या घरातून, कोणत्या गावाहून, केव्हा मिळाली हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून तिच्यासोबत ठेवावे; ही चिठ्ठी नसलेला बिल्ला पाच वर्षांनी निव्वळ पत्रा असतो. नमुना मतपत्रिका जरूर जमवावी, खरी मतपत्रिका केंद्राबाहेर नेणे हा गुन्हा आहे. मतदार-चिठ्ठीवर माणसाचे नाव-गाव असते, तिचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नये. आणि आपल्या पक्षाचेच तेवढे जमवायचे असेल तर ती भक्ती आहे. तिला संग्रह म्हणू नये.

घाई आताच्या काळासाठी अधिक आहे. गेरू आणि निळीने रंगवलेल्या भिंती पुढच्या चुन्याखाली गेल्या. खिळ्यांचे छापखाने गेले. आता फ्लेक्स येतो, आणि निकालानंतर तोच फ्लेक्स गोठ्याच्या छपरावर नाही तर कापसाच्या गंजीवर पडलेला दिसतो, चेहरा खाली, पांढरी बाजू वर. मोबाइलवर आलेले प्रचाराचे चित्र तर जागा भरली की पुसलेच जाते, आणि त्याच्या तळाशी कोणत्याही मुद्रकाचे नाव नसते.