ओळखीच्या शब्दांची अडचण

एम. ए.च्या वर्गात समीक्षेचा पेपर सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यातच तक्रार कानी येते : ‘पुस्तकातले शब्द फार अवघड आहेत.’ उपाय म्हणून मार्गदर्शिका येतात, शब्दार्थांच्या याद्या येतात आणि मूळ ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटातच राहतो. माझे म्हणणे असे, की विद्यार्थ्याला अडवणारा शब्द पुष्कळदा अपरिचित नसतोच. तो परिचित असतो आणि म्हणूनच फसवतो.

मर्ढेकरांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा पाहा. ती समोर आली की वाचक थबकतो. आपल्याला हे कळलेले नाही, एवढे तरी त्याला कळते. ‘लौकिक’ या शब्दापाशी मात्र कोणी थांबत नाही. काही वर्षांपूर्वी एका उत्तरपत्रिकेत मी वाचले, की लौकिकतावादी म्हणजे प्रसिद्धीच्या मागे लागलेले लेखक. हसू आले, पण चूक तर्काला धरून होती. घराण्याचा लौकिक, महाविद्यालयाचा लौकिक, हेच त्या विद्यार्थ्याने आजवर ऐकलेले. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) हा शब्द कलेचे नेहमीच्या जगण्यातील अनुभवांशी व मूल्यांशी नाते मानणाऱ्या भूमिकेसाठी येतो, आणि ‘अलौकिकतावाद’ समोर उभा राहिल्याशिवाय त्याचा अर्थ रेखीव होत नाही.

‘संवाद’ या शब्दाचेही तसेच. मर्ढेकर लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे प्रकार सांगतात. नाटकातले संवाद मनात ठेवून वाचणाऱ्याला येथे काहीच उमगत नाही. पण ‘विसंवाद’ हा शब्द त्याच्याजवळ असतो. रागसंगीत ऐकणाऱ्याला वादी-संवादी स्वर ठाऊक असतात. म्हणजे अर्थाची किल्ली त्याच्याच भाषेत असते. ती सापडण्यासाठी पान दोनदा वाचावे लागते, इतकेच.

कोशाचा उपयोग मी नाकारीत नाही. मराठी वाङ्मयकोशाचा समीक्षा-संज्ञांना वाहिलेला खंड हाताशी असावाच. परंतु शब्द नांदतो तो वाक्यात, शेजारच्या शब्दांशी वाद घालत. यादी पाठ करणाऱ्याला संज्ञा परीक्षेपुरती येते. तीच संज्ञा तीन प्रकरणांत तीन निरनिराळी कामे करताना भेटली, तर ती वापरता येऊ लागते.

समीक्षक सोपे का लिहीत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. दुर्बोधता हे अनेकदा धूसर विचारावरचे पांघरूण असते. तरीही ‘लौकिकतावाद’च्या जागी ‘वास्तववाद’ घातला, तर वाक्य सोपे होत नाही. ते वेगळेच होते.

म्हणून शिक्षकाने अर्थ सांगण्याची घाई करू नये, असे मला वाटते. मी आता विद्यार्थ्यांना एक वही ठेवायला सांगतो. ती अवघड शब्दांची नव्हे. ठाऊक आहेत असे वाटले, पण वाक्यात बसले नाहीत अशा शब्दांची. पहिले काही दिवस ती कोरीच राहते. ती भरू लागली, की वाचन सुरू झाले असे मी समजतो.