लाइन हलत नाही, स्लॅब थांबत नाही

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणे आहे. गृहप्रकल्पाच्या प्लॉटवरून जाणाऱ्या २२ केव्ही लाइनचे शिफ्टिंग मंजूर झाले, १.३ टक्के सुपरव्हिजन चार्ज भरला, दोन्ही टोकांना डीपी उभे राहिले, एक्सएलपीई केबलचे टर्मिनेशन झाले, विद्युत निरीक्षकांची चार्जिंगची परवानगीही हातात आली. काम अडले आहे ते जम्पर तोडून जोडण्यापुरत्या काही तासांच्या शटडाउनवर.

आज फीडरवर लोड आहे. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहेत. मग पावसाळ्यापूर्वीची देखभाल येते. त्या देखभालीसाठी फीडर बंद असतो, तेव्हाच जम्पर जोडू द्या म्हटले, तर उत्तर मिळते की तो शटडाउन देखभालीच्या नावावर मंजूर आहे! फीडर तोच, बंद लाइनही तीच. तरी ठेकेदाराने वेगळा अर्ज करायचा आणि त्या फीडरवरच्या ग्राहकांनी पुन्हा एक दिवस विजेविना काढायचा. या उत्तराला काडीचाही तांत्रिक आधार नाही. एवढ्यात बदली होते आणि नवे साहेब संयुक्त पाहणी पुन्हा मागतात.

इकडे बिल्डर थांबत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. २२० केव्हीच्या टॉवरखालचा ३५ मीटरचा पट्टा निदान नजरेत भरतो. २२ केव्हीची लाइन कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. इमारतीपासून वर ३.७ मीटर आणि बाजूला २ मीटर अंतर हवे, हे आपल्याला पाठ आहे. पण साइटवर सळई येते १२ मीटरची, आणि ती खांद्यावरून उभी करणाऱ्या मजुराला हे अंतर कुणी सांगितलेले नसते. लाइनला बाधा येणारे बांधकाम विद्युत निरीक्षकांच्या दाखल्याशिवाय सुरूच करता येत नाही. हा नियम जुना आहे; तो पाळून घेणारे कमी आहेत.

आपल्यातल्या काहींनाही दोष द्यावा लागेल. काम हातचे जाऊ नये म्हणून ‘महिन्यात लाइन काढतो, तुम्ही स्लॅब घ्या’ असे बिल्डरला सांगणारे ठेकेदार आपलेच सभासद आहेत. त्यांनी हे आजपासून बंद करावे. शिफ्टिंग होईपर्यंत लाइनखालचा भाग सोडून काम करा, असे बिल्डरला लेखी द्या आणि पोच घ्या.

वितरण कंपनीकडे आमची मागणी एवढीच: पैसे भरून घेतानाच शटडाउनची तारीख लेखी द्या, आणि देखभालीच्या शटडाउनमध्ये तयार असलेली शिफ्टिंगची कामे बसवा.

तारीख मिळाल्यावर घाई मात्र नको. कितीही उशीर झालेला असो, फोनवरच्या होकारावर पोलवर माणूस चढवू नका. लाइन क्लिअर लेखी घ्या, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा, मगच हात लावा.

आणि प्रत्येक रखडलेल्या कामाच्या पाच तारखा आम्हाला कळवा: अर्ज, मंजुरी, पैसे भरल्याचा दिवस, शटडाउनची पहिली मागणी आणि प्रत्यक्ष चार्जिंग. नावे छापणार नाही. सगळ्या तारखांचा तक्ता करून आम्ही तो मुख्य अभियंत्यांपुढे ठेवू. महिनाअखेरपर्यंत पाठवा.