वास्तूबरोबर दृष्टीही हवी

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला नवी इमारत जोडण्याची मुंबई महापालिकेची योजना आता बरीच जुनी झाली आहे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अमेरिकेतील वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. इमारत कशी दिसेल याची चर्चा आधी होणे स्वाभाविकच. परंतु तिच्यात मुंबईची कोणती ओळख मांडली जाणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

हे संग्रहालय १८७२ साली उघडले ते राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती आल्बर्ट यांच्या नावाने. वर्गणी मात्र मुंबईकरांनी दिली. त्यासाठी जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी झटले. त्यांपैकी भाऊंचे नाव संग्रहालयाला मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले! रोग्यांची नाडी पाहता पाहता अजिंठ्याचे शिलालेख वाचणारा हा पुरुष. आपला भूतकाळ परक्यांनी वाचून दाखवण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

संग्रहालयाबाहेर घारापुरीचा पाषाणगज उभा आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच्यावरूनच. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याच्या खटपटीत यारी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते जोडून १९१४ साली तो येथे उभा केला गेला. जवळच, रस्त्यांवरून हलवलेले गोऱ्या सत्ताधीशांचे पुतळे आहेत. ते पुतळे फेकून द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण शेजारच्या हत्तीची कहाणी तितक्याच ठळकपणे सांगायला नको काय?

आतील मातीच्या प्रतिकृतींचेही तसेच. कारागिरी अप्रतिम, पण त्यांत मुंबईकर दिसतो तो जातीचा किंवा धंद्याचा नमुना म्हणून. १९०८ साली लोकमान्यांना शिक्षा होताच सहा दिवस हरताळ पाळणारा गिरणी कामगार असा नमुन्यात मावत नाही. शिलाहारांच्या राजवटीचे, कोळीवाड्यांतील दैवतांचे, संयुक्त महाराष्ट्रासाठी सांडलेल्या रक्ताचे दालन नव्या इमारतीत असणार की नाही?

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार उत्तम झाला, युनेस्कोने २००५ साली त्याचा गौरवही केला. तेव्हा महापालिकेला हे काम झेपणार नाही असे मुळीच नाही. नव्या इमारतीची वीट रचण्यापूर्वी तिने एवढे जाहीर करावे : दालनांची मांडणी ठरवणाऱ्या समितीत ब्राह्मी आणि मोडी वाचणारे किती असतील, आणि वस्तूंखालच्या पाट्या प्रथम कोणत्या भाषेत लिहिल्या जातील?