एल्मो सगळीकडे, वस्ती कुठे?

एका लाल बाहुलीवर लेख लिहिण्याची काय गरज, असे काही वाचक विचारतील. आमच्या वस्तीतल्या बालवाचनालयात चार-पाच वर्षांची मुले घरच्यांच्या मोबाइलवर त्याला पाहतात. नाव विचारले तर 'तो लालवाला' म्हणतात. तो ज्या कार्यक्रमातून आला, त्यात दुसरे कोण आहे असे विचारले, तर एकालाही सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

'लालवाला' म्हणजे अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट'मधला एल्मो. हा कार्यक्रम 10 नोव्हेंबर 1969 रोजी सुरू झाला. जोन गांझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी तो कुणासाठी उभा केला, हे विसरून चालणार नाही. शाळेत जाण्याआधीच मागे पडलेली शहरी गरिबांची मुले, त्यातही काळी आणि लॅटिनो मुले, हा त्यांचा पहिला प्रेक्षक होता. चेस्टर पिअर्स हे काळे मानसोपचारतज्ज्ञ या कार्यक्रमाचे सल्लागार होते. रोजच्या बारीकसारीक वंशभेदी अपमानांना 'मायक्रोअॅग्रेशन' हा शब्द देणारे हेच ते पिअर्स. टीव्हीवर कोण दिसतो, कोण बोलतो, कोणाचे ऐकले जाते यातूनही मूल शिकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. समाजशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात.

सेसमी स्ट्रीटचा छुपा अभ्यासक्रम म्हणजे ती गल्लीच होती. गॉर्डन आणि सुझान हे काळे जोडपे, दुकानदार मिस्टर हूपर, पुढे मारिया आणि लुईस. पायऱ्यांवर बसून सगळ्या रंगांची मुले त्यांच्याशी बोलत. 1970 साली मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने या कार्यक्रमावर बंदी घातली. त्यांना ABC खुपत नव्हते. काळे-गोरे एकाच गल्लीत बरोबरीने राहतात, हे खुपत होते. लोकांनी ओरड केली आणि 22 दिवसांत बंदी मागे घ्यावी लागली. सत्ताधाऱ्यांना भीती वाटली ती वस्तीची. एकट्या बाहुलीला कोण घाबरतो?

आता एल्मोकडे वळू. आधी तो मागच्या रांगेतला किरकोळ बाहुला होता. 1980च्या दशकात केव्हिन क्लॅश या काळ्या कलावंताने त्याला आवाज आणि जीव दिला. क्लॅश बाल्टिमोरजवळच्या साध्या घरातला मुलगा. त्याच्या कलेबद्दल आमच्या मनात आदरच आहे, आणि आमचा आक्षेप त्याच्यावर नाही. आक्षेप पुढे जे घडले त्यावर आहे. 1996 साली 'टिकल मी एल्मो' ही गुदगुल्या केल्या की हसणारी बाहुली बाजारात आली. सुमारे 30 डॉलरची वस्तू शेकडो डॉलरला विकली गेली, दुकानांत चेंगराचेंगरी झाली. दोन वर्षांनी, 1998 साली, तासाभराच्या कार्यक्रमात शेवटी 'एल्मोज वर्ल्ड' आले. तासातला जवळजवळ पाव भाग एका पात्राच्या नावावर झाला.

त्या जगात काय आहे ते पाहा. खडूने रंगवल्यासारखी एक खोली. त्यात एल्मो आणि त्याचा मासा. खिडकीबाहेर मिस्टर नूडल, तोही मुका. शेजारी नाहीत, दुकान नाही, मतभेद नाहीत. एल्मो स्वतःबद्दल बोलतो तेही 'एल्मोला हे आवडते, एल्मोला ते हवे' असे. ज्या कार्यक्रमाने मुलाला 'तू या वस्तीचा आहेस' असे सांगितले, तोच आता 'जग तुझ्या खोलीएवढे आहे' असे सांगू लागला. हाही छुपा अभ्यासक्रमच. फक्त धडा बदलला.

याच गल्लीत रूझवेल्ट फ्रँकलिन नावाचा बाहुला होता. काळ्या मुलांच्या बोलीत बोलणारा, वर्गात उभा राहून इतरांना शिकवणारा. पहिला गॉर्डन साकारणाऱ्या मॅट रॉबिन्सन यांनीच त्याला आवाज दिला. त्याच्या दंगेखोर वर्गामुळे काळ्यांची साचेबंद प्रतिमा दिसते, अशा तक्रारी आल्या. त्या काळ्या पालकांकडूनही आल्या, म्हणून त्या खोट्या ठरवता येणार नाहीत. पण तो वर्ग सुधारण्याऐवजी 1975 साली पात्रच गेले. लाल रंगाचा एल्मो मात्र कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांना चालतो. 2021 साली वेस आणि एलायजा हे काळे बाप-लेक बाहुले आणले गेले. तेव्हाही वेसच्या कातडीचा रंग तपकिरी का, हा प्रश्न विचारायला समोर एल्मोच! काळ्या मुलांसाठी सुरू झालेल्या गल्लीत पन्नास वर्षांनी काळ्या मुलाला आपला रंग एल्मोला समजावून सांगावा लागतो.

काही जण म्हणतील, लहान मुलांना तेच तेच आवडते. खरे आहे. दोन वर्षांचे मूल तीच गोष्ट दहादा मागते. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला दारापर्यंत न्यायचे असते. दुसरे म्हणतील, एल्मोच्या पैशावरच कार्यक्रम जगला. हेही खोटे नाही. सरकारी पैसा पुरत नसेल, तर संस्था बाहुल्या विकणारच. पण विक्रीवर जगणारा कार्यक्रम जे विकते तेच दाखवतो. खेळण्यांचा आणि डीव्हीडीचा पैसा आटल्यावर काय झाले? 2016 पासून काही वर्षे नवे भाग आधी एचबीओवर येत, आणि सार्वजनिक वाहिनीवर नऊ महिन्यांनी. ज्याच्या घरी सबस्क्रिप्शनचे पैसे नाहीत, त्या पोराने थांबायचे! कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला. त्याच वर्षी बॉब, लुईस आणि गॉर्डन या जुन्या माणसांना निरोप मिळाल्याचे उघड झाले. एल्मो राहिला.

दुसरा रस्ता नव्हता असे कुणी म्हणू नये. दक्षिण आफ्रिकेच्या आवृत्तीत 2002 साली एचआयव्हीसह जगणारी कामी आली, कारण तिथल्या मुलांना तिची गरज होती. आपल्याकडे 2006 साली 'गली गली सिम सिम'मध्ये शाळेच्या गणवेशातली चमकी आली, कारण इथे मुलींना शाळेत पाठवण्याचा प्रश्न होता. ही पात्रे मुलांच्या गरजेतून जन्मली. तरीही आमच्या वाचनालयातल्या पोरांना लालवाला माहीत आहे, चमकी माहीत नाही. गरजेतून आलेले पात्र विस्मरणात जाते आणि बाजारात चाललेले घरोघर पोहोचते, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

मुलांच्या हातून एल्मो काढून घ्या असे आमचे म्हणणे नाही. पोरे हसतात, हसू द्या. पण पुढच्या वेळी लेकराशेजारी बसा आणि मोजा. पडद्यावर माणसे किती आहेत? आपल्यासारखी दिसणारी किती? बोलणारी किती? मराठीत मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्यांनीही हा हिशेब आधी करावा, खेळण्याचा साचा नंतर काढावा. गरीब मुलासाठी बांधलेल्या गल्लीत जर एकच खोली उरली असेल, तर ती कितीही गोड असो, तिला शिक्षण म्हणायला आमचा विरोध आहे.