गुण कोणी द्यायचे?

एप्रिल महिना आला की आमच्या वाशीम जिल्ह्यात, रिसोडपासून कारंज्यापर्यंत, वस्त्यावस्त्यांतून जयंतीच्या गायनाच्या व काव्यवाचनाच्या स्पर्धा होतात. अशाच एका गावी आम्ही मागे गेलो होतो. नववीत शिकणाऱ्या एका मुलीने सोयाबीन सोंगणाऱ्या आपल्या आईवर स्वतः रचलेली कविता म्हटली. सतरंजीवर बसलेल्या बायाबापड्यांनी पदराने डोळे टिपले. खुर्चीवरच्या दोन परीक्षकांनी मात्र 'रचना सदोष' असा शेरा मारला आणि पहिले बक्षीस मोबाईलवर ऐकून पाठ केलेले गाणे म्हणणाऱ्या मुलाला दिले. मुलगा मोठी वर्गणी देणाऱ्या घरचा, अशी कुजबुज झाली. खरेखोटे आम्हाला ठाऊक नाही. पण मुलीच्या आईला आम्ही विचारले, "बाई, तुम्हाला कशी वाटली कविता?" तेव्हा ती माउली म्हणाली, "आमाले काय समजते जी कवितेतलं!"

तिचे हे उत्तर आम्हाला फार लागले. ऐकणारे दोनशे आणि गुण देणारे दोन, हा न्याय कोणता?

असाच सवाल सातासमुद्रापलीकडे एका बांधकाम मजुरालाही पडला होता. अमेरिकेतील शिकागो शहराचे मार्क स्मिथ हे ते गृहस्थ. कविता प्राध्यापकांच्या बैठकीत कोंडली गेली, कष्टकरी माणूस तिच्याकडे फिरकेनासा झाला, हे त्यांना खटकत होते. १९८६ साली त्यांनी ग्रीन मिल नावाच्या गाण्याबजावण्याच्या ठिकाणी दर आठवड्याला कवितेची स्पर्धा सुरू केली. तिला 'पोएट्री स्लॅम' म्हणतात. आपण तिला कवितेचा सामना म्हणू.

तिचे नियम साधे आहेत. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटे. दहा सेकंदांची सूट, त्यापुढे गुण कापतात. वाद्य नाही, वेषभूषा नाही. माणूस आणि त्याचा शब्द. परीक्षक पाच, आणि तेही जमलेल्या श्रोत्यांतूनच निवडलेले. प्रत्येकाने शून्य ते दहा गुण द्यायचे. मग सर्वांत जास्त व सर्वांत कमी असे दोन आकडे गाळून उरलेल्या तिन्हींची बेरीज करायची. समजा १०, ८, ७, ७ आणि ३ असे गुण पडले, तर १० आणि ३ गळाले, बेरीज झाली २२. एखाद्या मामाने भाच्याला दहा दिले तरी ते गळतात आणि भाऊबंदकीच्या रागाने कुणी तीन दिले तरी तेही गळतात. दरमहा असे सामने होतात, त्यातले विजेते पुढच्या फेरीत जातात आणि वर्षाअखेरीस शेवटचा सामना होतो.

आमच्या वाचकांपैकी वडीलधारे म्हणतील, यात नवे ते काय? खरे आहे. आपल्याकडे कव्वालीचे सामने याच तऱ्हेने रंगत. एका पार्टीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि विठ्ठल उमपांसारखा गायक उभा राहिला की लोक पहाटेपर्यंत हलत नसत. त्याही आधी भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसाच्या दारी नेला. या सर्वांचे परीक्षक कोण होते? जमिनीवर बसलेली आपलीच माणसे.

वामनदादा कर्डकांचेच घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्म. मुंबईत अंगमेहनतीची कामे केली, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली पहिले गीत लिहिले आणि २००४ साली जगाचा निरोप घेईपर्यंत ते गात राहिले. त्यांना कोणत्या पंडिताने पास केले? लोकांनी केले. लोकांनी त्यांची गाणी तोंडी धरली, हाच त्यांचा निकाल.

पण सामन्यातही एक खोट होती, ती लपवू नये. नोटा उधळल्या जात, देणाऱ्याची नावे माईकवर पुकारली जात आणि ज्याच्या खिशात पैसा त्याचा कौल मोठा ठरे. पाच जणांच्या हाती सारखेच दहा गुण दिले की हे बंद होते. स्लॅममध्येही दोष आहेत. पहिल्याला कमी आणि रात्र चढेल तसे पुढच्यांना जास्त गुण पडतात. म्हणून आधी स्पर्धेबाहेरच्या एकाने कविता म्हणून परीक्षकांचा हात बसवायचा, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. केवळ मोठ्याने ओरडणाराही कधी जिंकून जातो. त्यावर उपाय एकच, ऐकण्याची सवय.

ही सवय आपल्या विहारांतून लागू शकते. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याचे सहा तालुके: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाच्या वाचनाला लोक जमतातच. आषाढ, श्रावण व भाद्रपद या तीन पौर्णिमांना वाचन आटोपल्यावर गावोगावी एकेक फेरी घ्यावी. आश्विनात सोंगणीची घाई असते, तेव्हा थांबावे. कार्तिक पौर्णिमेला तालुक्याचा सामना आणि ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी, सहाही तालुक्यांचा शेवटचा सामना.

खर्च किती? पाच पाट्या, खडू आणि एक घड्याळ. परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडावेत, पाचांत तीन स्त्रिया असाव्यात आणि स्पर्धकाचा नातलग नसावा. ज्या आजीला आकडा लिहिता येत नाही तिने हाताची बोटे दाखवावीत. बक्षीस ढालीचे नको, पुस्तकाचे द्यावे. डीजेच्या वर्गणीतला थोडा वाटा एवढ्याला पुरून उरेल. पुढाऱ्याचा मुलगा असो की मजुराची मुलगी, मिनिटे तीनच.

बंधू-भगिनींनो, आपल्या माणसांना शेकडो वर्षे दुसऱ्यांनी तोलले आणि हलके ठरवले. बाबासाहेबांनी आपल्या हाती मताचा हक्क दिला, एका माणसाला एक मत. मग कवितेच्याच बाबतीत आपली आई 'आमाले काय समजते' का म्हणते? सोयाबीनच्या खुंटांनी पाय सोलले जातात कसे, हे जिला माहीत, तिच्याइतका त्या कवितेचा जाणकार दुसरा कोण?

आपल्या लेकीच्या कवितेला ती गुण देणार नाही, नियमच तसा आहे. पण पुढच्या पौर्णिमेला दुसऱ्या कुणाच्या लेकराची कविता असेल. तेव्हा त्या माउलीच्या हाती पाटी द्यावी, एवढेच आमचे सांगणे.

जयभीम.